निवडून आल्या, पण टिकायचे कसे? विचखेडा सरपंच प्रकरण

२७ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जळगाव जिल्ह्यातील विचखेडा ग्रामपंचायतीच्या महिला सरपंचांना अपात्र ठरवणारे सगळे आदेश रद्द केले आणि मुदत संपेपर्यंत पदावर राहण्याचा त्यांचा हक्क मान्य केला. त्या फेब्रुवारी २०२१ मध्ये महिलांसाठी राखीव पदावर निवडून आल्या होत्या. पाच वर्षांच्या मुदतीतली साडेतीन वर्षे उलटल्यावर हा निकाल हाती आला. आणि वाद कारभाराचा नव्हताच, घराचा होता.

राजकारणात बायकांची संख्या कशी वाढवायची, यावरची आपल्याकडची बहुतेक चर्चा जागा किती राखीव ठेवायच्या इथे सुरू होते आणि तिथेच संपते. ग्रामपंचायतीपुरता तो प्रश्न महाराष्ट्राने केव्हाच मागे टाकला आहे. १९९० मध्ये राज्याने स्थानिक संस्थांत ३० टक्के जागा दिल्या, २४ एप्रिल १९९३ पासून ७३व्या घटनादुरुस्तीने किमान एक तृतीयांश जागा बंधनकारक झाल्या आणि २०११ मध्ये राज्याने हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेले. जागा आहेत, त्या भरल्याही जातात. गळती नंतर लागते, आणि कुठून लागते हे या प्रकरणात स्पष्ट दिसते.

घडले काय

जानेवारी २०२१ मध्ये राज्यभर चौदा हजारांहून अधिक ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या. त्या वेळी सरपंचाची थेट निवडणूक रद्द झालेली होती. २०१७ मध्ये आलेली ती पद्धत २०२० मध्ये काढली गेली आणि २०२२ मध्ये परत आली. त्यामुळे सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत मतदानानंतर निघाली आणि निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून सरपंच निवडला. सोडत आधी निघाली की त्या प्रवर्गाचा दाखला मिळवण्याची धावपळ आणि घोडेबाजार सुरू होतो, असे सरकारचे म्हणणे होते. पण या क्रमाचा एक परिणाम फारसा कुणी मोजला नाही. सरपंचपदावर डोळा ठेवून पॅनेल उभे करणाऱ्याला ते पद महिलेचे आहे हे पैसा खर्च करून, निवडणूक जिंकून झाल्यावर कळले. हा राग गावागावांत साचला होता.

विचखेड्यात काही गावकऱ्यांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार केली. सरपंचबाई सासूसोबत राहतात आणि ते घर सरकारी जागेवरचे अतिक्रमण आहे, असा आरोप होता. बाईंचे म्हणणे असे की त्या घरात आपण राहतच नाही, नवरा आणि मुलांसह भाड्याच्या घरात वेगळ्या राहतो, आणि ते घर तर मोडकळीला आलेले, राहण्याजोगे नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना अपात्र ठरवले. विभागीय आयुक्तांनी तो आदेश कायम ठेवला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये तांत्रिक कारणावरून याचिका फेटाळली.

न्या. सूर्य कांत आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने मात्र कागद उलटून पाहिले. बाई नेमक्या कुठे राहतात याची धड पडताळणी कुणीच केलेली नव्हती. उमेदवारी अर्ज भरताना हा आक्षेप कुणीही घेतला नव्हता. एक बाई सरपंच झाली आणि आता तिचे ऐकावे लागणार, हे गावातल्या काहींना पचले नाही, असे न्यायालयाने स्वच्छ शब्दांत नोंदवले. निवडून आलेल्या प्रतिनिधीला, त्यातही ग्रामीण भागातल्या महिलेला, पदावरून काढण्याचा विषय इतक्या हलक्याने घेऊ नये, अशी समजही सर्व पातळ्यांवरच्या अधिकाऱ्यांना दिली.

अविश्वासाऐवजी अपात्रता का

सरपंच नको असेल तर कायद्याने दिलेला राजकीय मार्ग अविश्वास ठरावाचा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३५ मध्ये एरवी दोन तृतीयांश बहुमत लागते, पण महिलेसाठी राखीव पदावरच्या महिला सरपंचाविरुद्ध तीन चतुर्थांश. फरक एका मताचा दिसतो, पण तो निर्णायक ठरतो. नऊ सदस्यांच्या पंचायतीत सहाऐवजी सात मते लागतात, अकरांच्या पंचायतीत आठऐवजी नऊ. पॅनेल तुल्यबळ असतील तर सातवा माणूस सहसा मिळत नाही. थेट निवडून आलेल्या सरपंचाच्या बाबतीत तर पहिली दोन वर्षे आणि शेवटचे सहा महिने ठराव आणताच येत नाही, आणि सदस्यांनी मंजूर केला तरी विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाने तो पुन्हा मंजूर व्हावा लागतो.

ही ढाल चांगली आहे. पण तिच्यामुळे हल्ल्याची दिशा बदलली. कलम १४ खाली अपात्रतेची तक्रार करायला ना सात मते लागतात, ना ग्रामसभा. एक अर्जदार पुरतो. आणि सरपंचपद रिकामे झाले की कारभार उपसरपंचाकडे जातो. त्या पदाला आरक्षण नाही. तक्रारीचा फायदा कुणाला होणार, हे वेगळे सांगायला नको.

मुदतीतली विसंगती याहून मोठी. निवडणुकीच्या वैधतेला आव्हान द्यायचे तर कलम १५ खाली निकालापासून पंधरा दिवसांत दिवाणी न्यायाधीशांकडे जावे लागते. पंधरा दिवस गेले की तो दरवाजा बंद. पण तोच मुद्दा अपात्रता म्हणून कलम १६ खाली जिल्हाधिकाऱ्यांपुढे मांडायचा तर पाच वर्षांत कधीही मांडता येतो. घर निवडणुकीच्या आधीपासून तिथेच उभे असते, सगळ्या गावाला दिसत असते, आणि तरी ते अतिक्रमण असल्याचा साक्षात्कार गावाला दीड वर्षाने होऊ शकतो.

कायदा बाईकडे पाहतो की घराकडे

कलम १४(१)(ज-३) सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणाऱ्याला अपात्र ठरवते. गायरान सांभाळायचे काम ज्याच्याकडे, त्याने स्वतः ते बळकावलेले नसावे, ही अपेक्षा रास्तच आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा व्यापक अर्थ लावला. त्या प्रकरणातही सदस्य महिलाच होती आणि अतिक्रमण सासरे व नवऱ्याचे होते. पहिल्यांदा जागा कुणी बळकावली एवढेच पाहायचे नाही, त्या जागेत राहून लाभ घेणाराही अतिक्रमण चालू ठेवतो, असे न्यायालयाने म्हटले. तर्काला तो निकाल चुकीचा म्हणता येत नाही. पण तो लागू कुणाला होतो ते पाहा. पुरुष सदस्य बहुतेक वेळा स्वतःच्या बापाच्या घरात राहतो, तिथल्या जागेचा इतिहास त्याला लहानपणापासून माहीत असतो, आणि ती जागा सोडायची की नियमित करून घ्यायची यावर त्याचा शब्द चालतो. सून लग्न करून त्या घरात येते. उतारा तिने पाहिलेला नसतो, तो तिच्या नावावर नसतो, आणि निवडणूक लढवायची म्हणून सासऱ्याला घराची मागची भिंत पाडायला लावण्याची तिची ऐपत नसते.

आरक्षण एका व्यक्तीला जागा देते. अपात्रतेची कलमे त्या व्यक्तीच्या कुटुंबाची झडती घेतात. विचखेडा हे या विजोडाचे एक उदाहरण, कारण इतर कलमांतही हेच दिसते.

कलम १४(ह) मध्ये ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषदेचा कर, मागणीचे बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत न भरणारा अपात्र ठरतो. त्याचे स्पष्टीकरण वाचले की लक्षात येते, एकत्र कुटुंबातल्या एकाने कर थकवला तर तो दोष कुटुंबातल्या सगळ्यांना लागतो. घरपट्टीचे बिल सासऱ्याच्या नावाने येते, ते कुठल्या तरी वहीत पडून राहते, आणि पद सुनेचे जाते. पाणीपट्टीचेही तसेच.

कलम १४(ग) पंचायतीच्या कामात हितसंबंध असणाऱ्याला अपात्र ठरवते. नवरा किंवा दीर पंचायतीला मुरूम, पाइप, दिवे पुरवत असेल आणि पैसे घरच्या खात्यात येत असतील, तर तक्रारदाराचे निम्मे काम तिथेच होते. सरपंचपतीची चर्चा नेहमी 'बाई नामधारी' या अंगाने होते. पण नवऱ्याचा कारभार बाईला नुसता नामधारी करत नाही, तिला अपात्रही करू शकतो. हे पहिल्याच बैठकीत सांगितले तर निम्मे सरपंचपती स्वतःहून चार पावले मागे सरकतील.

निवडणूक खर्चाचा हिशेब निकालापासून ३० दिवसांत द्यायचा असतो. बिनविरोध निवडून आलेल्यांनाही सूट नाही, तिथे शून्य खर्चाचाही हिशेब लागतो. न दिल्यास कलम १४ब खाली पाच वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते. पैसे खर्च करतो नवरा किंवा पॅनेलप्रमुख, पावत्या त्यांच्या खिशात, आणि नोटीस येते बाईच्या नावाने.

राखीव प्रवर्गातल्या महिलेची अडचण दुहेरी. जात जन्माने, वडिलांकडून ठरते, त्यामुळे जातवैधता प्रमाणपत्रासाठी सगळे कागद माहेरचे लागतात. वडिलांचा आणि आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्ममृत्यू नोंदवहीतला उतारा, जुना महसुली पुरावा, तेही मानीव दिनांकापूर्वीचे, म्हणजे त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेपूर्वीचे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. माहेर दुसऱ्या जिल्ह्यात असेल, वडील हयात नसतील, भावाशी बोलणे नसेल, तर हे कागद गोळा करायलाच काही महिने जातात. ठरलेल्या मुदतीत प्रमाणपत्र दाखल झाले नाही तर निवड पूर्वलक्षी प्रभावाने रद्द समजली जाते. सरकारने वेळोवेळी मुदतवाढ दिली आहे खरी, पण तिच्या भरवशावर राहून पद गमावलेले कमी नाहीत.

आणि दोन अपत्यांचे कलम (ज-१). सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झालेली व्यक्ती अपात्र. किती मुले व्हावीत हा निर्णय खेड्यातल्या किती घरांत बाईचा असतो? २००३ मध्ये हरियाणाच्या अशाच तरतुदीला सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवले होते, पण पुढे खुद्द हरियाणाने ती काढून टाकली. हिमाचल प्रदेश, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडनेही काढली. महाराष्ट्रात ती कायम आहे. आमदार-खासदारांना मात्र मुलांच्या संख्येची अट नाही, घरपट्टीचीही नाही, आणि त्यांच्या अपात्रतेच्या तक्रारीवर (पक्षांतराची सोडून) राज्यपाल किंवा राष्ट्रपती निवडणूक आयोगाच्या मतानुसारच निर्णय देतात. सर्वांत कमी साधने असलेल्या लोकप्रतिनिधीला सर्वांत जास्त अटी, असा हा उलटा जिना आहे.

चौकशीत नेमके बिघडते कुठे

तक्रार जिल्हाधिकारी कार्यालयात आली की अहवाल मागवला जातो. तो तहसीलदार किंवा गटविकास अधिकाऱ्यामार्फत खाली सरकत विस्तार अधिकारी आणि शेवटी ग्रामसेवकापर्यंत जातो (२०२४ पासून त्या पदाचे नाव ग्रामपंचायत अधिकारी, गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात). म्हणजे ज्या माणसाशी सरपंचाचे रोज धनादेशावरच्या सहीवरून वाजते, त्याच्याच दोन पानी अहवालावर तिचे पद अवलंबून राहते.

अशा अहवालांत तीच ती भोके सापडतात. पंचनाम्यावर तक्रारदाराच्याच गटाचे पंच. मोजणी नाही, नुसते 'गावठाणाबाहेर दिसून येते' असे वाक्य. पंचायतीच्या नमुना ८ च्या नोंदवहीत घर कुणाच्या नावे, कधीपासून, याचा उतारा जोडलेला नाही. घरात कोण राहते याचा पुरावा म्हणून शेजाऱ्यांचे जबाब, तेही एकाच दिवशी, एकाच हस्ताक्षरात लिहिलेले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सरपंचाला स्थळपाहणीची नोटीसच नाही.

उलट बाजूने बाईंकडून होणाऱ्या चुकाही ठरावीक आहेत. पहिली नोटीस नवऱ्याने घेतलेली असते आणि 'बघू' म्हणून ठेवून दिलेली असते. सुनावणीला वकील जातो, पण लेखी म्हणण्यासोबत कागद जोडत नाही. अपिलाची मुदत मोजक्या दिवसांची, आणि आदेशाची प्रत मिळण्यातच आठवडा जातो. अपील केले तरी स्थगितीचा वेगळा अर्ज केलेला नसतो, त्यामुळे अपील चालू असतानाच पदभार निघून जातो. उच्च न्यायालयात जो मुद्दा मांडायचा त्याचा पाया जिल्हाधिकाऱ्यांपुढे घातलेला नसेल, तर याचिका तांत्रिक कारणावर पडण्याची शक्यता वाढते.

म्हणून राखीव जागेवर उभ्या राहणाऱ्या बाईची एक फाइल अर्ज भरण्याच्या आधी तयार हवी. राहत्या घराचा नमुना ८ चा उतारा. जागेबद्दल शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी. भाड्याने राहत असेल तर नोंदणीकृत भाडेकरार, निदान वीजबिल आणि स्वतंत्र शिधापत्रिका. तोंडी भाडे हा पुरावा नव्हे, विचखेड्यासारख्या वादात नेमके हे कागदच कामाला येतात. घरपट्टी-पाणीपट्टीच्या चालू वर्षापर्यंतच्या पावत्या, सासऱ्याच्या नावच्याही. जातवैधतेसाठी समितीकडे अर्ज केल्याची पोच. खर्चाची वही रोज लिहिलेली. आणि निवडून आल्यानंतर डिजिटल सहीचे डोंगल स्वतःकडे. केंद्रीय वित्त आयोगाचे पैसे त्याच सहीवर निघतात, आणि ते संगणकचालकाच्या किंवा नवऱ्याच्या कप्प्यात पडले असले तरी जबाबदारी सरपंचाचीच राहते. पुढे कलम ३९ खाली गैरवर्तनाची चौकशी लागली तर 'मला माहीत नव्हते' हे उत्तर चालत नाही.

ग्रामसभांचेही तसेच. त्या ठरलेल्या संख्येने बोलावणे ही सरपंचाची वैधानिक जबाबदारी आहे आणि न बोलावणे हे पद जाण्याचे कारण होऊ शकते. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद बहुतेक ठिकाणी सह्यांपुरती उरते. ती खरोखर घेतली तर महिला सरपंचाला गावात स्वतःची, पॅनेलप्रमुखापासून स्वतंत्र अशी पाठराखण तिथेच मिळते. अविश्वासाचा ठराव ग्रामसभेत गेला की मते तिथूनच येतात.

धोरणात काय बदलायला हवे

प्रशिक्षण हवेच, पण त्याचा विषय चुकतो आहे. पंचायत राज व्यवस्थेचा इतिहास आणि योजनांची नावे यांत दोन दिवस जातात. कलम १४, १६, ३५ आणि ३९ यांना तास-दीड तासही मिळत नाही. निकालानंतरच्या पहिल्या तीस दिवसांत, खर्चाच्या हिशेबाची मुदत संपण्याआधी, हा भाग झाला पाहिजे, नंतर नव्हे.

खरा बदल कायद्यात हवा. जी अपात्रता अर्ज भरण्याच्या दिवशीच अस्तित्वात होती आणि उघड दिसत होती, तिच्यावरचा आक्षेप छाननीच्या वेळी किंवा कलम १५ च्या पंधरा दिवसांतच घ्यावा लागेल अशी मर्यादा घातली, तर मुदतीच्या मध्यात उकरून काढलेल्या तक्रारी आपोआप गळतील. निवडणुकीनंतर घडलेल्या गोष्टींसाठी कलम १६ तसेच राहू द्यावे. यावर एक आक्षेप योग्य आहे: पंधरा दिवसांत लपवलेले अतिक्रमण कसे शोधायचे? त्यासाठी प्रतिज्ञापत्रात खोटी माहिती दिल्याचा मुद्दा मुदतीबाहेर ठेवता येईल. पण जे घर सगळ्या गावाने तीस वर्षे पाहिले आहे, ते लपवलेले म्हणता येत नाही.

अतिक्रमणाच्या तक्रारीत भूमी अभिलेखाची मोजणी आणि सरपंचाच्या उपस्थितीतली स्थळपाहणी याशिवाय आदेश काढता येऊ नये. अपिलाची मुदत संपेपर्यंत आणि अपील दाखल झाल्यास त्यावर स्थगितीचा निर्णय होईपर्यंत अपात्रतेचा आदेश अमलात येऊ नये. थकीत कराच्या कलम १४(ह) च्या स्पष्टीकरणातून निदान सून वगळावी, किंवा नोटिशीनंतर थकबाकी भरण्याची एक संधी द्यावी. पंचायतीला कर मिळाला की कायद्याचा हेतू साधतो. दोन अपत्यांची अट काढून टाकणे हे यातले सर्वांत सोपे आणि राजकीयदृष्ट्या सर्वांत अवघड काम.

विचखेड्याच्या निकालानंतर दोन महिन्यांच्या आत, नोव्हेंबर २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधल्या एका तरुण महिला सरपंचाची हकालपट्टी रद्द केली आणि राज्य सरकारला एक लाख रुपये द्यायला लावले. तिथे निमित्त बांधकामाच्या दिरंगाईचे होते. पण दिल्लीपर्यंत पोहोचणारी एखादीच. बाकीच्यांची प्रकरणे आयुक्तांच्या दारातच थांबतात, आणि तोवर पुढच्या सोडतीची वेळ झालेली असते.

सोडतीचे चक्र इथे निष्ठुर आहे. आज महिलेसाठी असलेले पद पुढच्या वेळी खुले होऊ शकते. मुंबई महापालिकेच्या १९९७ आणि २००२ च्या निवडणुकांच्या अभ्यासात असे दिसले की आधी महिलांसाठी राखीव असलेला आणि नंतर खुला झालेला प्रभाग घेतला, तर तिथून बाई निवडून येण्याची शक्यता कधी राखीव नसलेल्या प्रभागाच्या सुमारे पाचपट होती. राखीव काळात बाईने काम करून दाखवले, ओळख मिळवली, म्हणून ती खुल्या जागेवरही उभी राहू शकते. त्यासाठी तिला पाचही वर्षे मिळायला हवीत. ज्या सरपंचाची साडेतीन वर्षे तारखांच्या सावलीत गेली, तिच्याकडे पुढच्या निवडणुकीत दाखवायला रस्ता किंवा पाण्याची टाकी नसते, न्यायालयाच्या निकालाची प्रत असते.